पाण्यातली मिरची

मिरचीच्या फुलाला फळ धरायचं तर वारा लागतो, नाहीतर एखादी माशी तरी. आमच्या फ्लॅटच्या दुसऱ्या बेडरूममध्ये दोन्ही नव्हतं. म्हणून मी रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन रोज सकाळी एकेक फूल हलवत असे. ऑफिसची पहिली मीटिंग त्याच वेळी असायची. कॅमेरा बंद ठेवून, कानात हेडफोन घालून, मी तिकडे काल काय काम केलं ते सांगायची आणि इकडे फुलांची लग्नं लावायची. नवरा म्हणायचा, पुण्याच्या बाईचा मधमाशीवरसुद्धा विश्वास नाही.

फ्लॅट इलेक्ट्रॉनिक सिटीत, सातव्या मजल्यावर. समोर तसाच दुसरा टॉवर, त्यामुळे आमच्या वाट्याला येतं ते समोरच्यांच्या काचांवरून परत फिरलेलं ऊन. बाल्कनीत लावलेली तुळस दोनदा गेली, कढीलिंब एकदा. मग मी हट्टाला पेटले. माती नको आणि ऊनही नको म्हटलं. एक लोखंडी रॅक आणला, त्याला पांढरे दिवे बांधले, झाकणाला भोकं पाडलेल्या बादल्या ठेवल्या आणि माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा पंप त्यांना जोडला. जाळीच्या कपात नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात रोप, आणि मुळं खाली पाण्यात लोंबत. खत म्हणजे दोन बाटल्यांतले विरघळलेले क्षार. ते मापानं पाण्यात घालायचे आणि मीटर बुडवून आकडा बघायचा. आधी सॅलडचा पाला लावला, तो घरात कुणी खाईना. मग मिरच्या लावल्या. लवंगी लावली, केरळातली बोटाच्या पेराएवढी एक जात लावली, आणि एक पिवळी परदेशी, जी नुसती चिरली तरी शेजारच्या खोलीत ठसका लागायचा.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, पुणेकराला याहून सुखाचं काय असणार? आकडा दाखवणारं काहीही हातात असलं की मला बरं वाटतं. पाणी जड झालं की मीटर सांगतो, हलकं झालं तरी सांगतो, आणि मग ते दुरुस्त करता येतं. त्या खोलीत मी फार खुशीत असायची.

माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. होसकोट्याच्या बाजारात त्यांचं सुक्या मिरचीचं दुकान होतं, त्यांच्या वडिलांपासूनचं. मूठभर मिरच्या नाकाशी धरून ते माल कुठला आणि कितव्या तोडणीचा, ते सांगत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. दुकानामागच्या घरात अण्णा आणि त्यांची थोरली बहीण, एवढीच माणसं. त्या बहिणीला सगळा गाव अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणते. घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. कुलदैवत महाराष्ट्रातलं, सोयरिकी आपसातल्या, आणि घरातली बोली मराठी. निदान ते तिला मराठी म्हणायचे.

मी त्या बोलीला हसले होते, हे लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. लग्नात स्टेजवर फोटो चालले होते. त्यांच्याकडची एक बाई मला म्हणाली, स्वल्प सरकून बस ग. मला हसू आवरेना. आमच्याकडे स्वल्प फक्त स्वल्पविरामात असतं. मी नवऱ्याच्या कानात तसं म्हटलं, पण मी कानात बोललेलं चार माणसांना ऐकू जातं. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी मला बसायला स्वतः खुर्ची सरकवून दिली.

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलायचे ते छापील मराठी. महिन्यातून एका रविवारी ते बसनं आमच्याकडे यायचे. जेवताना म्हणायचे, "सूनबाई, आपल्याला त्रास होणार नसेल तर आमटी किंचित तिखट करावी." मी म्हणायची, अण्णा, आता आभारप्रदर्शन कधी? ते खूप हसायचे. नवरा कॉलेजपासून पुण्यात राहिलेला, त्याची भाषा माझ्यासारखीच. होसकोट्याला गेलो की मी खोलीत शिरताच सगळ्यांचं बोलणं जरा अडखळायचं आणि मग शुद्ध व्हायचं. मला वाटायचं, माझ्या संगतीनं सुधारतायत.

माझ्या रॅकची अण्णांना गंमत वाटे. पाण्यातली मिरची, असं ते तिला म्हणत, आणि पाण्यातली म्हैस म्हणावं तसं म्हणत. आले की आधी त्या खोलीत जाऊन एक मिरची तोडायची, कचकन चावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. "तिखट आहे, सूनबाई," असा निकाल यायचा. "परंतु उगाच तिखट आहे." मातीतली मिरची आधी वास देते आणि मग जाळते, ही थेट जाळायला लागते, असं त्यांचं म्हणणं. एवढं बोलून जेवताना त्यातल्याच पाच-सहा मिरच्या मिठाशिवाय, तेलाशिवाय, शेंगदाणे खावेत तशा खायचे. मी नुसती बघत बसायची.

अण्णांना स्ट्रोक आला तो दुकानातच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांच्या वयाच्या मानानं जीव वाचला हेच खूप, असं हॉस्पिटलात सांगितलं. नवरा तेव्हा कंपनीच्या कामावर जर्मनीत होता. तो धावत आला, दहा दिवस राहिला आणि परत गेला. काम अर्धं टाकून कायमचं यायची सोय नव्हती. जाताना त्यानं अण्णांचा हात धरला. अण्णांच्या तोंडून तेव्हा एक अक्षरही फुटत नव्हतं. अक्का एकदा येऊन बघून गेल्या. त्यांचे गुडघे इतके गेलेले की होसकोट्याहून शहराच्या या टोकाला येणं म्हणजे त्यांना दोन दिवस अंथरूण धरायला लावणारं. मीच म्हटलं, अक्का, तुम्ही येऊ नका, मी आहे ना.

हॉस्पिटलातून अण्णांना आमच्याकडे आणलं आणि त्यांची खाट रॅकच्या खोलीत लावली, कारण दुसरी खोलीच नव्हती. रॅक हलवता आला असता, पण मला वाटलं, समोर काहीतरी हिरवं असलेलं बरं. दिवसभरासाठी झारखंडची एक बाई ठेवली, तिला आम्ही दीदी म्हणायचो. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब जपायला हवा, मीठ सध्या जवळजवळ बंदच. घास मऊ द्या. तिखटाचं त्यांनी नावही काढलं नाही, पण आजारी माणसाला तिखट कोण देतं? ते सांगायला डॉक्टर कशाला हवा? मी मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, लाल भोपळा असं सगळं अळणी करायला लागले.

महिन्याभरानं शब्द परत यायला लागले. सगळे नाही, पाच. पाणी, अक्का, सरी, बेडा आणि खार. सरी म्हणजे ठीक आणि बेडा म्हणजे नको, हे मला रिक्षावाल्यांनी आणि भाजीवालीनं केव्हाच शिकवलं होतं. छापील मराठीतला एकही शब्द परत आला नाही. सूनबाई नाही, परंतु नाही, किंचित नाही. मला त्याचं जरा वाईट वाटलं. पण पाचही शब्द मला कळतात म्हणून मी खूशही होते. कानडी दोन मी शिकलेली होते, बाकीचे तीन तर आपलेच.

खार हा शब्द पहिल्यांदा आला तो जेवताना. मी वरणभाताचा घास दिला. तो त्यांनी गिळला नाही, गालात धरून ठेवला आणि म्हणाले, "खार."

मला वाटलं, खारट झालंय म्हणतात. मी चाखून पाहिलं, तर मिठाचा कणही नव्हता. म्हणजे तक्रार नव्हती, मागणी होती. खारे दाणे, खारी बिस्किटं, खारं पाणी; त्या शब्दात न कळण्यासारखं काय होतं? त्यांनी डाव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळून चिमूट करून दाखवली. मी म्हटलं, "चिमूटभरसुद्धा नाही, अण्णा. डॉक्टरांनी बंद केलंय." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तोच शब्द म्हटला. दीदीनंही ऐकलं. ती म्हणाली, बाबूजी नमक मांग रहे हैं. म्हणजे दोघींचं एकमत झालं.

नवऱ्याचा रोज फोन यायचा. मी त्याला सांगितलं, अण्णा मीठ मागतायत. तो म्हणाला, "कितीही मागितलं तरी देऊ नकोस. चिडले तरी चालेल. मला ते हवेत." फोन मी अण्णांच्या समोर धरायची. पडद्यावर मुलाचं तोंड दिसलं की त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं, शब्द एक यायचा नाही. अक्कांच्या फोनलाही तसंच. मग मी ते समोर धरणं कमी केलं आणि रोजची बातमी आपली मीच द्यायला लागले. आज दोन चमचे जास्त जेवले. आज पुन्हा मीठ मागितलं. आज मिठासाठी हटून बसले.

एके दिवशी ते रॅककडे हात करून खार म्हणाले. बादलीकडे नाही, वर, जिथे पिवळ्या मिरच्या पिकून लोंबत होत्या तिकडे. पण मी बघितली बादली. कपांच्या कडेला पांढरा थर चढला होता, पानांची टोकं करपली होती. मी मीटर बुडवला तर आकडा दीडपट. पाण्यातले क्षार वाढले होते आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळं पाणी बदललं, मुळं धुतली, आठ दिवसांत रोपं टवटवीत झाली. मी ऑफिसात सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, दाराशी भेटेल त्याला सांगितलं की आमच्या अण्णांनी खाटेवर पडल्या पडल्या माझ्या पाण्यात वाढलेले क्षार ओळखले, मिरचीतला माणूस तो मिरचीतलाच. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या कपाळाची पापी घेतली. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर ते रोजच रॅककडे हात करायचे, आणि मी रोज मीटर बुडवून त्यांना सांगायची, आकडा बरोबर आहे अण्णा, काळजी करू नका.

चाकाच्या खुर्चीत बसवून एकदा दीदीनं त्यांना रॅकजवळ नेलं. त्यांनी डावा हात लांबवून एक फांदी धरली. मी मीटिंगमधून उठून पळत आले. फुलं गळतील ही एक भीती, आणि मिरचीचा हात डोळ्याला लागेल ही दुसरी. पहिली आधी मनात आली, हेही लिहून ठेवते. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. त्या आठवड्यात मिरच्या फार निघाल्या. मी त्यांच्याच टेबलावर कागदी पिशव्या भरल्या आणि टॉवरभर वाटल्या.

मग तो रविवार. रक्तदाब बरेच दिवस ताब्यात होता. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं, एखाद्या जेवणात चिमूटभर मीठ चालेल. मला सणासारखं वाटलं. मी गरम भात कालवला, लोणकढं तूप घातलं, आणि अण्णांना दिसेल अशी चिमूट वर धरून मीठ टाकलं. म्हटलं, घ्या अण्णा, तुमचं खार. त्यांनी घास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग तोंडातला घास जिभेनं बाहेर ढकलला आणि डाव्या हातानं ताट लोटून दिलं. भात माझ्या अंगावर, खाली, चादरीवर.

मी चिडले. महिनोन्महिने मी सांभाळलं होतं, रजा संपल्या होत्या, झोप पुरत नव्हती, आणि हे एवढं करून दिलेलं. मी ओरडले, "मागता तुम्हीच, आणि दिलं की फेकता. आता परत हा शब्द काढायचा नाही."

त्यांनी तो परत काढला नाही. एकदाही नाही. पाच शब्दांचे चार झाले. दुसऱ्या दिवसापासून ताट पुढे केलं की ते सरी म्हणायचे आणि चार घास गिळून पुन्हा सरी म्हणायचे, म्हणजे पुरे. मी नवऱ्याला कळवलं, मीठ मागायचं सोडलं बघ, सवय झाली. तो म्हणाला, तू ग्रेट आहेस. मलाही तसंच वाटत होतं. अण्णा वाळत चालले होते ते दिसत होतं, पण त्याला आजार हे कारण होतं, आणि एकदा कारण सापडलं की मी पुढे शोधत नाही. मनगटं इतकी बारीक झाली की हॉस्पिटलचा रक्तदाबाचा पट्टा दंडावर सैल बसायला लागला.

सव्वा महिन्यानं दुसरा स्ट्रोक आला. नवरा येऊन पोचला तेव्हा अण्णा मशीनवर होते. तिसऱ्या दिवशी गेले.

तेराव्यानंतर नवरा जर्मनीला परत गेला नाही, इथलंच काम मागून घेतलं. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तो मीठ खात नाही. पानात वाढलेलं मीठ बाजूला ठेवायचा, पापडाला, लोणच्याला हात लावायचा नाही, भाजी वेगळी काढून ठेव म्हणायचा. मी विचारलं तर म्हणाला, "ते खात होतेच ना इतके महिने. मी नको म्हणून सांगत होतो, फोनवरून." एवढं बोलून तो जेवायला लागला. अळणी आमटी भातावर घेऊन तो मन लावून जेवायचा, आणि मला त्याच्याकडे बघवत नसे. मी म्हणायची, डॉक्टरांनीच सांगितलं होतं रे, तुझी काय चूक? तो म्हणायचा, चूक नाही, पण शेवटी माणसानं एकच गोष्ट मागितली.

रॅकचं कामही त्यानं स्वतःकडे घेतलं. अण्णा सारखे त्या रोपांकडे बोट करायचे, हे मी त्याला सांगितलेलं होतं. त्यांना ती आवडायची असं त्याला वाटे. पाणी तोच बदलायचा, ब्रशही तोच फिरवायचा. मी हात लावला तर म्हणायचा, राहू दे, मी करतो.

दोन महिन्यांनी अक्का चार दिवस राहायला आल्या. आम्हीच गाडी करून आणलं. दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेला होता, घरात आम्ही दोघी. मी झुणका केला, रॅकवरच्या हिरव्या मिरच्या घालून, आणि अक्कांच्या पानात भाकरीबरोबर वाढला. त्यांनी घास घेतला, ओठ आत ओढून हवा घेतली आणि म्हणाल्या, "स्वल्प खार झालं ग."

मी म्हटलं, अक्का, मीठ बरोबर आहे, मी चाखलंय.

"मीठ कुठं म्हटलं मी?" त्या म्हणाल्या. "मीठ सरी आहे. खार म्हटलं, खार. तुमचं ते तिखट."

मी विचारलं, मग मिठाला काय म्हणता? त्यांना प्रश्नच वेड्यासारखा वाटला. मीठच म्हणतो की, दुसरं काय म्हणणार? अण्णा काय म्हणायचे? तोही मीठच म्हणायचा. मी एकेक प्रश्न विचारत गेले, ऑफिसात चूक कुठे घडली ते शोधताना विचारते तसे, शांतपणे, आणि हातातली भाकरी तशीच होती. अक्का दुसऱ्यांदा झुणका वाढून घेत सांगत होत्या. "माझ्या भावाला असलंच लागायचं. पानात खार नसलं की घास गालात धरून बसायचा, लहानपणापासून. आई मारायची त्यावरून. तिखट म्हणायचं तो तुझ्यासाठी शिकला. आम्हालाही सांगून ठेवलं होतं, पोरगी पुण्याची आहे, तिच्यापुढं आपलं काही काढू नका, हसते ती."

हे त्या कौतुकानं सांगत होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी पाणी आणते म्हणून उठले आणि सिंकपाशी उभी राहिले. मराठीत खार झाडावर चढते, लोणच्याला खार सुटतो, आणि एखाद्यावर खार खाऊनही असतात. या शहरात सहा वर्षं मी हॉटेलातला खारा भात, म्हणजे इथला तिखट उपमा, खात होते, शिरा गोड म्हणून तो खारा, असं समजून. शब्द अनोळखी असता तर मी कुणाला तरी विचारलं असतं. भाजीवालीला विचारलं असतं, वॉचमनला विचारलं असतं, आणि त्यांनी हसत सांगितलं असतं. ओळखीचा होता म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. मिरचीच्या व्यापाऱ्याला मिरची हवी होती. ती त्याच्या खाटेपासून चार हातांवर होती, आणि मी त्याला बादलीतल्या पाण्याचा आकडा सांगत होते.

मी फार रडले, पण नळ सोडून रडले. नंतर डॉक्टरांना फोन केला आणि दुसऱ्याच कुणाचं विचारावं तसं विचारलं, की अशा पेशंटला थोडं तिखट चालतं का. ते म्हणाले, गिळता येत असेल तर थोडं चालतं, तोंडाला चव आली तर माणूस जरा जेवतो तरी.

अक्कांना मी काही सांगितलं नाही. त्यांना होसकोट्याला सोडून आलो. नवऱ्याला सांगायचं की नाही, यावर मी पाच-सहा दिवस घालवले. न सांगावं असं फार वाटत होतं. पण तो रोज अळणी जेवत होता, जी गोष्ट त्याच्या वडिलांनी कधी मागितलीच नव्हती तिच्यासाठी. मी ते दुसऱ्यांदा होऊ देऊ शकत नव्हते.

शनिवारी सकाळी तो त्या खोलीत बादलीचं झाकण उचलून मुळं बघत होता. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. चिमूट, बोट, खुर्ची फिरवली ते, तो रविवार, मी ओरडले ते, आणि अक्का काय म्हणाल्या ते. तो झाकण हातात धरून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, ते नेमकं काय म्हणायचे. मी म्हटलं, खार.

"खार," तो म्हणाला. त्याच्या तोंडात तो शब्द वेगळाच वाजला, अण्णांसारखा. पुण्यातली सगळी वर्षं त्यातून गळून गेली होती. मग त्यानं झाकण बादलीवर ठेवलं आणि खाली बसला.

"मी रोज फोन करत होतो," तो म्हणाला. "रोज. एकदा जरी हा शब्द माझ्या कानावर घातला असतास तरी मला कळलं असतं. तू मीठ म्हणालीस. ते म्हणाले तसं का नाही सांगितलंस?"

तो चिडला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "मला वाटलं, मला कळलंय."